जायला दोन तास, यायला दीड

वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करून बघायचा, हे काम आप्पासोंनी घरात स्वतःहून मागून घेतलं होतं. सूनबाई समीक्षा म्हणायची, राहू द्या आप्पा, मी बघती. पण एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, आपण न बघितलेलं दुसऱ्यानं नीट बघितलं असेल यावर विश्वास कसा बसायचा? तर त्या सकाळी मुलाच्या, सूरजच्या पँटीच्या मागच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद निघाला. सूरज महिन्यापूर्वी काठमांडूहून चुलतबहिणीच्या लग्नाला येऊन गेला होता, आणि ही पँट दारामागच्या खुंटीला तशीच राहिली होती. कागद विमानाच्या तिकिटाचा होता. वर काठमांडू ते दिल्ली, खाली परतीचं दिल्ली ते काठमांडू. आप्पासोंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, आणि जिथं दुसऱ्या कुणीही आधी भाडं बघितलं असतं तिथं त्यांनी वेळ बघितली. काठमांडू सुटणार पंधरा पंधरा, दिल्ली पोचणार सोळा पंचेचाळीस. दीड तास. परतीला दिल्ली सुटणार बारा दहा, काठमांडू पोचणार चौदा दहा. दोन तास. त्यांनी बोट ठेवून परत वाचलं. यायला दीड, जायला दोन. वाट तीच, विमान त्याच जातीचं, आणि मधला अर्धा तास गेला कुठं? मनात पाल चुकचुकली. आप्पासोंच्या मनातली पाल एकदा बोलली की दिवसभर गप्प बसत नसे.

तसं जाण्यायेण्यात फरक पडतो, हे त्यांना काय कुणी शिकवायला नको होतं. खंबाटकीचा घाट चढताना गाडी रडते आणि उतरताना पळते, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण आभाळात कसला आलाय घाट? आणि वर कुठं उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, कुठं बाजाराचा दिवस असतो? त्यांनी गॅलरीत जाऊन, पाठ घराकडं करून, मोबाईलवर काठमांडू ते दिल्ली किती अंतर ते बघितलं. मोबाईलला विचारणं त्यांच्या लेखी विचारणं नव्हतंच, कारण मोबाईल चारचौघांत सांगत बसत नाही. आठशे किलोमीटर, मोबाईल म्हणाला. म्हणजे सांगलीतून नागपूर गाठण्याएवढं. आणि उड्डाणाचा वेळ? एक तास पंचेचाळीस मिनिटं. आप्पासो गॅलरीच्या कठड्याला टेकले. दोन तासही नाही आणि दीडही नाही. म्हणजे हा कागद दोन्ही बाजूंनी खोटा. असला कागद कुठली विमान कंपनी काढेल? कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानात बसून, घरच्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला कुणीतरी हा बनवलाय, आणि बनवणाऱ्याला रनिंग टाइम कशाशी खातात हे माहीत नाही. कागद खोटा, तर प्रवास खोटा. प्रवास खोटा, तर काठमांडूही खोटं. मग चार वर्षं पोरगा राहतोय कुठं, आणि कुणाजवळ? आणि आज, ह्याच दिवशी, दहा वाजता समीक्षा मिरजेच्या लॅबमध्ये आपला राजीनामा ठेवणार होती. अकरा वर्षांची नोकरी सोडून ती पुढच्या महिन्यात नवऱ्याजवळ राहायला जाणार होती. ज्या गावात नवरा नाहीच त्या गावाला पोरगी नोकरीवर पाणी सोडून निघालीय, आणि ते फक्त आपल्याला कळलंय. आत स्वयंपाकघरात ती गुणगुणत डबा भरत होती. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

सूरज गेला तो गलाईच्या धंद्यात. आटपाडीकडची माणसं पाऊस नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. आधी मेंढरं घेऊन, मग मूस आणि भट्टी घेऊन. जुनं सोनं आटवायचं, त्यातलं हिणकस जाळायचं आणि शुद्ध तेवढं हातात द्यायचं, हे काम करायला आमची पोरं कुठं नाहीत? कोचीनला आहेत, गुवाहाटीला आहेत, तशी काठमांडूलाही आहेत. सूरज मामाच्या पोराबरोबर, अमृतबरोबर, तिथं दुकानात बसायचा. निदान तसं सांगायचा. आप्पासोंना आता एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि आठवलेली प्रत्येक गोष्ट उलटी दिसायला लागली. सूरज बायकोला सांगायचा, साडेआठला फोन करतो. फोन यायचा सव्वाआठला. एकदा नाही, दोनदा नाही, रोज. उशीर करणारा माणूस आप्पासोंना कळत होता, उशिराला शंभर कारणं असतात. पण रोज बरोबर पंधरा मिनिटं आधी फोन कोण करतं? ज्याला साडेआठला दुसरीकडं जायचं असतं तो. पाडव्याला व्हिडिओवर सगळ्यांशी बोलताना सूरजच्या पाठीमागं भिंतीवर एक घड्याळ दिसलं होतं. त्यात नऊला वीस कमी, आणि इथं हॉलमध्ये आठ पंचवीस. काटा फिरत होता, म्हणजे घड्याळ बंद नव्हतं. तेव्हाच आप्पासोंनी मनात टिपून ठेवलं होतं, की ज्या दुकानातलं घड्याळ खोटं त्या दुकानाचा काय भरवसा. आणि मागून कुणी बाई हसली होती. सूरजनं मान वळवून तिला काहीतरी म्हटलं होतं, त्यांना न समजणाऱ्या भाषेत, आणि म्हणताना त्याचा चेहरा घरातल्यासारखा सैल झाला होता. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि चार वर्षं मुरत होतं. पण त्यांनी कुणाला विचारलं नाही. आप्पासो विचारत नसत. मी विचारत न्हाई, मी बघतो, असं ते डेपोत छाती पुढं काढून सांगायचे. विचारलं की माणूस सावध होतो, कागदाला सावध होता येत नाही.

पुण्यापासून खाली सूरजवर त्यांचा विश्वास होता. लग्नाला येताना त्यानं फोन केला, आप्पा, शिरवळला चहाला थांबलोय. आप्पासोंनी मनातल्या मनात बोट नकाशावर ठेवलं होतं. आता वेळे गाव, आता साताऱ्याची बाहेरची वाट, आता कराड, आता इस्लामपूरचा फाटा. बेल वाजली तेव्हा त्यांच्या अंदाजात चार मिनिटांचासुद्धा फरक नव्हता, आणि पोरगा दारात उभा राहिल्यावर त्यांना जो आनंद झाला त्यात निम्मा आनंद हिशेब जुळल्याचा होता, हे कबूल करायला हवं. पण पुण्याच्या वर, दिल्लीच्या पलीकडं, पोरगा त्यांच्या बोटाखालून सुटायचा. त्यांच्या वडिलांचं, कोंडीबांचं, बरं होतं. कोकण किती लांब, म्हटलं तर ते म्हणायचे, सात मुक्काम. किती वाजता पोचणार, म्हटलं तर म्हणायचे, मेंढरं पोचत्याल तवा आमी बी पोचू. आयुष्यात मनगटाला घड्याळ लावलं नाही त्या माणसानं. बायको आठ महिने घरी एकटी, हा आठ महिने रानात, पण दोघांनी एकमेकांवर कधी संशय घेतल्याचं आप्पासोंना आठवत नव्हतं. संशय घ्यायला वेळ मोजावी लागते, आणि त्यांच्याकडं मोजायला काही नव्हतं. आप्पासोंनी मात्र नोकरीच्या पहिल्या पगारात घड्याळ घेतलं. डेपोच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीला एक चावीचं मोठं घड्याळ होतं. दर सोमवारी त्याला चावी आप्पासोच द्यायचे, चावी त्यांच्याच खिशात असायची. भिंतीवरचं घड्याळ ते मनगटावरच्या घड्याळावरून लावायचे, आणि मनगटावरचं मागं पडलं की भिंतीवरच्यावरून. बत्तीस वर्षांत ती चावी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती, आणि ह्याचा त्यांना अभिमान होता.

कागदावरून माणूस पकडायचा, ही विद्या काय आजची होती? दादासो ड्रायव्हरला त्यांनी असाच पकडला होता. डेपोचं नाव आप्पासो आता घेत नाहीत. नदीकाठचा डेपो म्हणा आणि पूर्वेकडची गाडी म्हणा. दादासो वेगाचा काटा पन्नासावर ठेवून गाडी हाकणारा माणूस, ना पुढं ना मागं. बाकीचे ड्रायव्हर कुठं दामटायचे, कुठं रेंगाळायचे आणि वेळापत्रकाशी कसंतरी जुळवून घ्यायचे. उशीर झालाच तर म्हणायचे, टायर बसला, म्हसरं आडवी आली. दादासो काही म्हणायचा नाही. आणि त्याच्या लॉगशीटवर रोज एकच गंमत. जाताना दोन तास अठरा मिनिटं, येताना दोन तास बेचाळीस. दोन्हीकडच्या स्टँडचे शिक्के, दोन्हीकडच्या नियंत्रकांच्या सह्या. येताना चोवीस मिनिटं जास्त, महिनाभर, एका मिनिटाचा फरक नाही. म्हणजे येताना हा कुठंतरी थांबतो. कंडक्टर म्हणाला, कुठंच थांबत नाही साहेब. आता कंडक्टर काय म्हणणार? दोघं एका ताटात जेवणारे. प्रवाशांना विचारायचं तर प्रवासी झोपलेले. मग कुणीतरी सांगितलं की वाटेत माळावर एक बाई एकटी राहते आणि दादासो तिच्याकडं पाणी पितो. झालं. चोवीस मिनिटांना जागा मिळाली. आप्पासोंनी रिपोर्ट लिहिला. दादासोला बोलावलं तेव्हा तो खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, ‘आप्पासो, आमी कुटं बी थांबत न्हाई. तुमचं ह्ये घड्याळ आन तिकडच्या ष्टँडचं घड्याळ एकदा जुळवून तरी बगा.’ आप्पासो म्हणाले होते, ‘ष्टँडचं घड्याळ चुकत नसतं दादासो. डायवर चुकतो.’ आणि रिपोर्टाच्या तळाला एक ओळ वाढवली होती, की चालक उद्धटपणे बोलला.

दादासोची कोकणात बदली झाली, ती व्हायचीच होती. पण त्याच्या आधी एका दुपारी त्याची बायको, तानुबाई, कंट्रोल रूमच्या दारात येऊन उभी राहिली होती. पदर डोक्यावरून ओढलेला, हातात कापडी पिशवी. पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडत होते. ती म्हणाली, ‘सायेब, लोक कायबाय बोलत्यात. तुमी खरं सांगा. कुटं थांबतंय त्ये?’ आता ‘मला नक्की माहीत नाही बाई’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण आप्पासोंनी लॉगशीट पुढं ओढली, आणि त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून म्हणाले, ‘ह्ये बगा. कागद बोलतोय.’ तिला वाचता येत नव्हतं. ती कागदाकडं न बघता त्यांच्या बोटाकडंच बघत राहिली. मग बरं म्हणाली आणि गेली. त्याच आठवड्यात ती जतकडं माहेरी गेली, ती परत आलीच नाही. सूरज आला होता त्याच लग्नात दादासोही दिसला होता. एकटाच आटपाडीला राहतो, हातानं भाकरी थापतो, असं कुणीतरी सांगितलं. तानुबाई दोन वर्षांखाली वारली, तेही त्याच पंगतीत कळलं. दादासोनं लांबूनच राम राम आप्पासो म्हटलं होतं आणि तो पुढच्या पंगतीला बसला होता. आप्पासोंना तेव्हा जराशी कीव आली होती, आणि त्या कीवेत, खरं सांगायचं तर, थोडं समाधानही होतं, की केलं त्याचं भरलं.

‘चार येळा हाक मारली. च्या गार झाला,’ अंबूबाई गॅलरीच्या दारात येऊन म्हणाल्या. नवऱ्याच्या हातातला कागद बघून त्या थांबल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याची ही पाठ चांगली ओळखीची झाली होती. ‘आता कुणाचं काय सापडलं?’

‘सूरज काठमांडूला न्हाई,’ आप्पासो हळू आवाजात म्हणाले.

‘मग काय चंद्रावर हाय?’

‘हसण्यावारी नेऊ नगंस. पोरीचं वाटुळं हुईल. तिला थांबवाय पायजे.’

‘आधी पोराला फोन करून इचारा तरी.’

‘त्यो सांगंल व्हय खरं?’

अंबूबाईंनी कपाळाला हात लावला आणि चहाचा कप कठड्यावर ठेवून त्या आत गेल्या. त्यांचं बोलणं आप्पासोंनी मनावर घेतलं नाही. हिला लॉगशीट कळत नाही, तर तिकीट काय कळणार? त्यांनी चहा एका घोटात संपवला, कागद नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि हॉलमध्ये आले. समीक्षा केस बांधत उभी होती. टेबलावर तिची पर्स, डबा, आणि एक पांढरा लिफाफा. लिफाफ्यात काय आहे ते त्यांना माहीत होतं. पोरगी चांगली होती, फार चांगली. मागच्या वर्षी आप्पासोंची साखर वाढली तेव्हा बोटाला सुई टोचून दर आठवड्याला तिनंच तपासलं होतं, आणि साखरेचा आकडा कधी लपवला नव्हता. तिला हे सांगायचं म्हणजे जीव तुटत होता. पण सांगायला तर हवं होतंच. कागद होता ना.

‘समीक्षा, बस जरा.’

‘नऊ वाजून गेलं आप्पा, उशीर हुईल.’

‘म्हणूनच म्हणतोय, बस.’ त्यांनी कागद टेबलावर उलगडला, आणि त्यांचं बोट आपोआप त्या दोन आकड्यांवर जाऊन थांबलं. ‘ह्ये वाच. यायला दीड तास, जायला दोन. आन मोबाईल म्हणतोय पावणेदोन. एकाच वाटंला तीन वेळा कशा आसतील? ह्यो कागद कुणीतरी बनवलाय पोरी. सूरज तिकडं न्हाईच. तू आज राजीनामा देऊ नगंस.’

ती कागदाकडं बघत होती. मग तिनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं, आणि मग गेलं. ‘आप्पा,’ ती म्हणाली, ‘नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आसतंय. आपल्याकडं नऊ, तर तिथं सव्वानऊ. देश वेगळा, तशी वेळ वेगळी. सुटायची वेळ तिथली आन पोचायची इथली लिवलीय. येताना पंधरा कमी दिसणार, जाताना पंधरा जास्त. दोन्हीकडनं पावणेदोनच तास हुत्यात.’ तिनं नखानं कागदाच्या तळाची बारीक इंग्रजी ओळ दाखवली. ‘हितं छापलंय की, ज्या त्या गावची वेळ.’

‘आन त्यो सव्वाआठचा फोन?’

‘तिथं साडेआठ झालेलं आसत्यात.’

‘आन ती बाई? हसत हुती ती?’

‘अमृतदादाची बायको. तिथलीच हाय. लग्न करून दोन वर्सं झाली, तुमाला पत्रिका बी आल्ती.’ ती लिफाफा पर्समध्ये ठेवायला लागली, मग थांबली. ‘चार वर्सं ह्ये मनात धरून बसलाय तुमी? आवं, मी अकरा वर्सांची नोकरी सोडती, मी काय इचारलं नसंल? मला इचारायचं हुतं की आप्पा. एवढंच तर हुतं. इचारायचं.’ आवाजात राग नव्हता, म्हणून आप्पासोंना ते बोलणं जास्त लागलं.

त्यांनी मान हलवली. सूरज तिथंच होता, सुखात होता, पोरगी नवऱ्याकडंच चालली होती. सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं, आणि एक श्वासभर वाटलंही. पण बोट अजून त्या आकड्यांवर होतं. यायला कमी, जायला जास्त, आणि खरं ते बरोबर मधलं. हे गणित त्यांनी कुठं बघितलं होतं? जाताना दोन अठरा, येताना दोन बेचाळीस. मधलं अडीच. वेळापत्रकात त्या गाडीला अडीचच तास लिहिलेले होते. अडीच तास, काटा पन्नासावर, ना पुढं ना मागं. एका स्टँडचं घड्याळ बारा मिनिटं पुढं असलं की झालं. बाकीचे ड्रायव्हर त्या बारा मिनिटांशी जुळवून घ्यायचे, दामटून, रेंगाळून, टायर बसवून. एकटा दादासो जुळवून घेत नव्हता. आणि ते पुढं गेलेलं घड्याळ कुणाचं? काठमांडूसारखंच, जिथून निघताना वेळ कमी दिसते तिथलं. दर सोमवारी चावी कोण द्यायचं? भिंतीवरचं मनगटावरून, मनगटावरचं भिंतीवरून. दोन खोटे साक्षीदार एकमेकांची ग्वाही देत बत्तीस वर्षं बसले होते, आणि आप्पासोंनी त्यांच्या शब्दावर एक घर मोडलं होतं. छे, असं कसं होईल, एक मन म्हणालं. दादासो थांबतही असेल. लगेच दुसरं मन म्हणालं, महिनाभर, रोज, बरोबर चोवीसच मिनिटं? जित्या माणसाचं कुठलं लफडं एवढं मिनिटावर चालतं रे आप्पासो? एवढं नियमित फक्त घड्याळाचं खोटं असतं. त्यांना पंखा आठवला, पेपरवेट आठवलं, आणि आपल्या बोटाकडं बघणारी ती बाई आठवली. तिनं तर विचारलं होतं. ती स्वतःच्या पायांनी चालत येऊन विचारून गेली होती.

‘आप्पा, बरं वाटंना का?’ समीक्षा म्हणाली. ‘साखर बगू?’

‘नगं.’ ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली. ‘वाटंत मला ष्टँडवर सोड.’

‘कुटं निघालाय?’

‘आटपाडीला.’

आतून अंबूबाई बाहेर आल्या, आणि नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी पाण्याची बाटली पिशवीत घालून त्याच्या हातात दिली. ते स्कूटीवर मागं बसत असताना समीक्षानं विचारलं, आटपाडीची गाडी किती वाजता हाय? एके काळी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आप्पासोंनी तीन जिल्ह्यांचं वेळापत्रक म्हणून दाखवलं असतं. आताही ओठांवर काहीतरी आलं, पण ते त्यांनी गिळलं. ‘माहीत न्हाई,’ ते म्हणाले. ‘जाऊन इचारतो.’

स्टँडवर उतरून ते चौकशीच्या खिडकीशी गेले. आत एक तरुण नियंत्रक बसला होता, सूरजच्याच वयाचा, पुढ्यात रजिस्टर, हातात पेन. आप्पासोंनी खिडकीच्या गजांना धरलं. गजांच्या ह्या बाजूला ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. गाडी दहा वाजता लागेल, तो म्हणाला. पोचायला किती वेळ लागतो, त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं. आप्पासो तरीही हलले नाहीत. मागं दोनतीन माणसं उभी राहिली होती. त्यांनी आतल्या भिंतीकडं बघितलं, मग आपल्या मनगटाकडं.

‘साहेब, त्ये घड्याळ बरोबर हाय का?’

तरुणानं मान वर केली. वैतागला नाही, हसलाच जरा. ‘आवं आजोबा, ष्टँडचं घड्याळ हाय त्ये. चुकंल कसं?’

आप्पासोंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात घातलं.

‘चुकतंय बाबा,’ ते म्हणाले. ‘एकदा कुणालातरी इचारून बग.’